मीडियम वेव्हवर शास्त्रीय ऐकण्यात अजून काही राम आहे का?

मुलुंडची_ओवी | रविवार, रात्री 10:40

मंडळी, विषय थोडा घरगुती आहे पण इथे रेडिओवाले आणि गाण्यातले दोघंही आहेत म्हणून इथेच विचारते.

बाबा 81 वर्षांचे. सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, गिरणीत होते, 82 च्या संपानंतर मिळेल ते काम केलं, पण रेडिओवरचं गाणं काही सुटलं नाही. दोन बँडचा फिलिप्स आहे, चामड्याच्या कव्हरमधला. त्याच्या काचेवर 558 किलोहर्ट्झच्या, म्हणजे आकाशवाणी मुंबईच्या जागी आईच्या नेलपेंटचा लाल ठिपका दिलेला आहे, म्हणजे अंधारात चाचपडत काटा फिरवला तरी उजाडल्यावर बघून नीट बसवता येतो. चाळीत असताना सकाळी हा रेडिओ लागला की शेजारचे वेगळा लावायचेच नाहीत, गॅलरीत सगळ्यांना ऐकू जायचं.

मार्चमध्ये त्यांना आमच्याकडे मुलुंडला आणलं, चौदाव्या मजल्यावर. पहिल्याच सकाळी रेडिओ लावला आणि नुसती घर्रर्र. गाणं आत कुठेतरी आहे हे कळतं, पण राग कुठला, बाई गातेय का बुवा, काही पत्ता लागत नाही. बाबा पाच मिनिटं कान लावून बसतात, मग बंद करतात आणि काही बोलत नाहीत. ते गप्प बसणं मला बघवत नाही हो.

नवऱ्याने फोनवर आकाशवाणीचं ॲप टाकून दिलं, त्यात रागम् म्हणून चोवीस तास शास्त्रीय चालू असतं, आवाज एकदम स्वच्छ. बाबांनी दोन दिवस ऐकलं. मग म्हणाले, "हे कधीही चालूच असतं, मग मी ऐकायला बसायचं कधी?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असे की हा रेडिओ बिघडलाय का मुंबईत मीडियम वेव्हच आता ऐकण्यासारखं राहिलेलं नाही? आणि शास्त्रीय संगीतासाठी एएमचा, म्हणजे याच मीडियम वेव्हचा, हट्ट धरण्यात काही अर्थ आहे का, का मी उगाच बाबांसाठी जुन्याला धरून बसलेय?

---

खर्ज | रविवार, रात्री 11:15

ओवी, स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. मी गेली अकरा वर्षं गाणं शिकतोय आणि माझं प्रामाणिक मत आहे की शास्त्रीय संगीताची जागा एएमवर नाही. तानपुऱ्याचं उदाहरण घे. जवारी लावली, म्हणजे तारेखाली दोरा बरोबर जागी बसवला, की तारेतून जे वरचे स्वर उमलतात ना, षड्जाच्या (सा) तारेत गंधार (ग) ऐकू येतो, तोच तर तानपुरा. आणि एएमवर नेमकं तेच कापलं जातं. उरते ती खाली कुठेतरी चाललेली गुणगुण. तबल्याच्या चाटेची, म्हणजे कडेवरच्या बोलाची, धार जाते, सतारीच्या चिकारीचं, म्हणजे त्या बाजूच्या उंच स्वराच्या तारांचं, तर काही उरतच नाही. एफएमला 15,000 हर्ट्झपर्यंत आवाज जातो, एएमवर आपल्या घरातल्या सेटमधून साडेचार हजाराच्या आसपास सगळं संपतं. बातम्या, भाषणं, शेतीविषयक माहिती यांना ते पुरतं. ख्यालाला नाही पुरत. बंगळुरूमध्ये अमृतवर्षिणी नावाची शास्त्रीय संगीताची वेगळी एफएम वाहिनी काढली, मुंबईसारख्या गाण्याच्या शहराला तशी का नसावी? भांडायचं तर त्यासाठी भांडूया.

---

निशाचर | रविवार, रात्री 11:52

ओवीताई, बाबांचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. कधी ऐकायला बसायचं... खरंच.

---

सोल्डरगन | सोमवार, सकाळी 6:20

ओवी, तुमचा रेडिओ बिघडलेला नाही असं मला वाटतं. 37 वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोय, त्या अनुभवावरून सांगतो, रेडिओ बिघडला तर स्टेशन क्षीण येतं किंवा येतच नाही, घर्रर्र मात्र बाहेरून येते. आणि बाहेरून म्हणजे बहुतेक वेळा तुमच्याच घरातून.

एएममध्ये आवाज लाटेच्या उंचीत भरलेला असतो, लाट कमीजास्त उंच होते तसा स्पीकर हलतो. आता एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाईलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, वायफायचा अडॅप्टर, इन्व्हर्टर एसी, हे सगळे आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करतात आणि त्यातून जो कचरा हवेत आणि वायरिंगमध्ये जातो तो बरोबर मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो. तोही लाटेची उंचीच हलवतो. बिचाऱ्या रेडिओला गाणं कुठलं आणि चार्जर कुठला ते कळायला मार्ग नाही. एफएममध्ये आवाज उंचीत नसतोच, तो फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असतो, त्यामुळे उंचीवरचा कचरा सेट कापून टाकतो आणि तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं. चाळीत तुमच्याकडे पिवळा बल्ब आणि पंखा होता, म्हणून 558 स्वच्छ यायचं. त्या वेळी एएम चांगलं होतं आणि आता खराब झालं असं नाही, घरं बदलली.

दुसरी गोष्ट टॉवरची. 558 किलोहर्ट्झची लाट जवळजवळ 537 मीटर लांब असते, एफएमची लाट जेमतेम 3 मीटर. इमारतीच्या सळयांची जाळी एफएमच्या लाटेला खिडकीतून आत येऊ देते, पण एवढ्या लांब लाटेला ती जाळी म्हणजे पिंजराच. डोंगराचं उलटं आहे. मुलुंड आणि मालाडच्या मध्ये नॅशनल पार्कचे डोंगर आहेत, मीडियम वेव्ह त्यांच्यावरून जमीन धरून येते, तिला ते डोंगर लागत नाहीत. 558 चा प्रक्षेपक मालाडच्या मालवणीला आहे, 100 किलोवॅटचा, तुमच्यापासून हवाई अंतर पंधराएक किलोमीटर. एवढ्या जवळ सिग्नलची कमतरता असूच शकत नाही.

आता असं करा. रेडिओ सेलवर चालवा, अडॅप्टरवर अजिबात नको. 558 लावा आणि घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. घर्रर्र गेली तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा, कुठल्याला आवाज परत येतो ते बघा.

आणि सेट फिरवून बघा. आत एक काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली, तोच त्याचा एरियल. एएमला ती वर ओढायची काडी काही उपयोगाची नाही, ती एफएमची आणि शॉर्टवेव्हची. कांडी बहुतेक सेटमध्ये लांबीच्या दिशेने आडवी बसवलेली असते आणि तिची टोकं ज्या दिशेला असतात तिकडचं तिला काही ऐकू येत नाही. मालवणी तुमच्या बरोबर पश्चिमेला आहे, त्यामुळे कांडी उत्तर दक्षिण हवी, म्हणजे रेडिओचं तोंड पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. करून बघा आणि इथे लिहा.

---

मुलुंडची_ओवी | सोमवार, सकाळी 8:05

काका खूप आभार!! आज ऑफिस आहे, शनिवारी सगळे घरी असताना करते. रेडिओ आत्ता टीव्हीच्या शेल्फवर आहे, सेट टॉप बॉक्सच्या शेजारी 😔

---

समेवर | सोमवार, दुपारी 1:30

@खर्ज, मी तबला वाजवतो म्हणून चाटेबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण डग्ग्याचं काय? डग्गा छोट्या ट्रान्झिस्टरवर ऐकू येत नाही तो एएममुळे नाही, तीन इंची स्पीकरमुळे, तोच स्पीकर एफएमवर टाकलास तरी डग्गा येणार नाही. म्हणजे दोष कशाकशाचा ते वेगळं काढायला हवं.

आणि आवाजाचं गणित मी तुला वेगळं सांगतो. बाई काळी चारमधून, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गातेय असं धर, तिचा षड्ज साधारण 208 हर्ट्झ. तारसप्तकातल्या पंचमापर्यंत गेली तरी सव्वासहाशेच्या आत. साडेचार हजारात त्या षड्जाचे वीसच्या वर उपस्वर बसतात. गळ्याची ओळख, आकार, मींड, गमक, श्रुती कुठे लागली, हे सगळं त्यात येतं. वरचं जे जातं त्याने आवाजातलं तेज जातं हे खरं आहे, पण गाणं जात नाही. माझे गुरुजी रेडिओवर ऐकून बंदिशी उतरवून घ्यायचे, एकदाच ऐकायला मिळणार, रिवाइंड नाही, कागद पेन्सिल घेऊन बसायचे आणि अस्थाई उतरेपर्यंत अंतरा सुरू झालेला असायचा. त्या वह्या मी पाहिल्यात. कणस्वरसुद्धा लिहिलेले आहेत त्यात. तेही एएमच होतं ना?

---

खर्ज | सोमवार, दुपारी 2:10

ते त्यांच्या कानाचं मोठेपण आहे, एएमचं नाही. आणि दुसरा मार्ग नव्हता म्हणून त्यांनी तसं केलं. आज मार्ग आहे. शिकणाऱ्या पोराला तू फिकट झालेला फोटो दाखवून रंग शिकवशील का?

---

समेवर | सोमवार, दुपारी 2:25

शिकणाऱ्याला नाही दाखवणार, बरोबर आहे. पण ऐकणारे सगळे शिकणारे नसतात रे. ओवीच्या बाबांना बंदिश उतरवून घ्यायची नाहीये.

---

गिरगावकर_काका | सोमवार, संध्याकाळी 7:45

थोडं जुनं सांगतो, कारण या धाग्यावर ते यायला हवं.

मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं 23 जुलै 1927 ला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, म्हणजे 23 जुलै 2027 ला बरोबर शंभर वर्षं होतात. ऑल इंडिया रेडिओ हे नावसुद्धा नंतर 1936 मध्ये आलं. आणि तेव्हापासून पुढची पाचसहा दशकं जे काही गाणं या शहरात घराघरात पोचलं ते मीडियम वेव्हवरूनच पोचलं. आकाशवाणीची ती ओळखधून, तानपुऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन, ती वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने बांधली, नाझींपासून जीव वाचवून चेकोस्लोव्हाकियातून मुंबईत आलेला ज्यू माणूस, शिवरंजनीचे स्वर आहेत तिच्यात. पहाटे अंधारात ती लागायची आणि मग दिवस सुरू व्हायचा.

संस्थानं गेली तेव्हा गवयांना राजाश्रय उरला नाही, त्या काळात रेडिओने त्यांना धरलं. ऑडिशन, बी, बी हाय, ए, टॉप अशी श्रेणी, ठरलेलं मानधन. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखे गायक धारवाड केंद्रात संगीत सल्लागार होते. 1952 ला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शनिवारी रात्री, आणि तो देशभर एकाच वेळी लागायचा. चुकाही मोठ्या झाल्या, 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला रेडिओवर बंदी होती, ती मला कधीच पटली नाही. पण त्या बंदीमुळे सारंगीची साथ कानावर भरपूर पडली हेही खरं.

माझी थोरली बहीण बी हाय होती. चर्चगेटला रेकॉर्डिंगला जायची तेव्हा घड्याळ लावून घरी सराव व्हायचा, ठरलेल्या मिनिटात विलंबित आणि द्रुत दोन्ही बसवायचं, लांबण लावायला जागाच नाही. बाबा हातात घड्याळ धरून बसायचे आणि दोन मिनिटं उरली की नुसती मान हलवायचे. ज्या दिवशी तिचं गाणं लागणार त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या बारा बिऱ्हाडांनी नळाची बादली आधीच भरून ठेवली, पाण्याचा आवाज नको म्हणून. मर्फीचा लाकडी सेट, आठ इंची स्पीकर. खर्ज, तुम्ही म्हणता तो तानपुरा त्या सेटवर ऐकू यायचा का? जवारी पूर्ण यायची असं मी म्हणणार नाही. पण षड्ज खोलीभर भरायचा. ती खोली आमच्या अंगावर आलीये असं कधी वाटलं नाही तिथे, दहा बाय बाराची असून.

---

खर्ज | सोमवार, रात्री 9:02

काका, हे वाचून गप्प झालो. बहिणींना माझा नमस्कार सांगा. माझा विरोध रेडिओला नाही हो, कृपया तसं समजू नका. उलट जे गाणं इतक्या कष्टाने बसवलं ते अर्धं कापून लोकांपर्यंत जावं याचं मला वाईट वाटतं.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी 10:15

भावना सगळ्यांच्या समजतात, पण 100 किलोवॅटचा प्रक्षेपक चालवायला वीज, माणसं, एकरांवर पसरलेली जागा लागते. जर्मनीने 2014 च्या शेवटी सार्वजनिक रेडिओची लाँग वेव्ह आणि 2015 च्या शेवटी मीडियम वेव्ह बंद केली, फ्रान्सनेही त्याच सुमारास मीडियम वेव्ह आवरलं, आयर्लंडने 2023 मध्ये 252 ची लाँग वेव्ह बंद केली. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये मोटरच्या गोंगाटामुळे परदेशात काही कंपन्या एएम रेडिओ देणंच बंद करतायत. आपल्याकडे 2023 च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी 91 छोटे एफएम प्रक्षेपक सुरू केले. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसतंय. माझ्या मते उत्तर डीआरएम, म्हणजे याच पट्ट्यांवरचा डिजिटल रेडिओ. तोच प्रक्षेपक डिजिटल चालवायचा, वीज कमी लागते, आवाज एफएमच्या जवळ जातो. आकाशवाणीने 35 च्या आसपास मीडियम वेव्ह प्रक्षेपक डीआरएमसाठी तयारही केलेत आणि आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्यांच्या रेडिओत ते असतं, लोकांना माहीत नसतं एवढंच.

---

सोल्डरगन | मंगळवार, सकाळी 11:00

डीआरएम मी ऐकलंय, मित्राच्या गाडीत. चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, तानपुराही बराच येतो. अडचण दोन. घरात ठेवायचा सेट बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग, ओवीच्या बाबांच्या हातात तो कधी येणार? दुसरं म्हणजे डिजिटल सिग्नल कमी पडला की खरखरत नाही, एकदम गप्प होतो. एएम कितीही क्षीण झालं तरी कान पुढे नेला की धागा सापडतो. गाण्यात मधेच दहा सेकंद शांतता आली तर ती सम पुन्हा कुठून आणणार?

---

वसईचा_बावखल | मंगळवार, रात्री 9:30

आमच्याकडचं सांगतो, मुंबईच्या वेशीवरचे आम्ही, पण ऐकतो मुंबईच.

माझा मामा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होता, अर्नाळ्याहून बोट जायची. डोलीची मासेमारी असेल तर डोल, म्हणजे पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लावली की पाण्याची ओढ फिरेपर्यंत थांबायचं असतं, चारपाच तास बोट नुसती झुलत राहते. मोबाईल किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की संपतो, एफएमही मागे राहतं. पण मीडियम वेव्ह खाऱ्या पाण्यावरून लांबच्या लांब जाते, जमिनीपेक्षा जास्त, कारण खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं आणि मालवणी तर समुद्राच्या कुशीतच आहे. तिथे चार्जर नाही, एलईडी नाही, दुसऱ्या कुणाचा गोंगाट नाही. मी आठवीत असताना सुट्टीत एकदा मामाबरोबर गेलो होतो. पाच खलाशी, एक रेडिओ, रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोलकाठीला बांधलेला. बातम्या आणि हवामान ऐकून झालं, बंद करायला कुणी उठलं नाही आणि मग कुणीतरी गायला लागलं. नाव मला माहीत नाही, राग कळण्याचा प्रश्नच नव्हता. एक शब्द कितीतरी वेळ आळवत होता. पाचातले चार जण जागे होते आणि कुणी बोलत नव्हतं. मामा शेवटी इतकंच म्हणाला, "घाई नाय त्याला." आमच्यातल्या कुणीही तिकीट काढून असं गाणं ऐकायला गेलं नसतं कधी. ॲपवर शोधलंही नसतं. शोधायला नाव तरी माहीत पाहिजे ना.

म्हणून मला वाटतं गाण्यातल्या माणसांसाठी एफएम, ॲप, सीडी सगळं आहे, त्यांनी ते ऐकावं. एएम बाकीच्यांसाठी ठेवा.

---

समेवर | मंगळवार, रात्री 9:48

+100. "घाई नाय त्याला", विलंबित ख्यालाचं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही.

---

निशाचर | बुधवार, पहाटे 4:10

ड्युटीवरून लिहितेय. वसईच्या दादांचं वाचलं आणि राहवलं नाही.

ओवीताईंचे बाबा म्हणाले तसं ठरलेली वेळ असणं, हे आजारी माणसाला किती लागतं ते मी रोज बघते. माझ्या वॉर्डात मागच्या वर्षी एक आजोबा होते, दोन महिने. त्यांच्याकडे छोटा पॉकेट रेडिओ, उशीखाली. दिवस कुठला तारीख काय ते विसरायचे, पण सकाळचं गाणं संपलं की मला म्हणायचे, "सिस्टर, आता गोळी." घड्याळ बघायची गरज नव्हती. फोनवर हवं तेव्हा हवं ते लागतं ना, त्यात सकाळ संध्याकाळ राहत नाही. मला गाण्यातलं कळत नाही, पण त्या वॉर्डात राहून मला सकाळचं गाणं आणि रात्रीचं गाणं वेगळं असतं हे कानाने कळायला लागलं. तिथे फक्त एएम यायचं नीट, पलंग खिडकीजवळ होता म्हणून.

---

समेवर | बुधवार, सकाळी 9:20

निशाचरताई, तुम्ही जे म्हणताय ते आमच्याकडे समयचक्र, कुठला राग दिवसाच्या कुठल्या वेळेचा ते. मला तेही पुस्तकातून नाही कळलं. आजी गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायची, ऊन टोकाला आलेलं असायचं आणि रेडिओवर सारंग. त्यामुळे पुढे क्लासमध्ये गुरुजींनी शुद्ध सारंग सुरू केला तेव्हा मला पहिल्यांदा उकडलेल्या साबुदाण्याचा वास आला. मारव्याला दिवेलागणीची उदासी येते ती मला कुणी शिकवली नाही. आज मी भर दुपारी गाडीत भैरवी ऐकतो, ऐकू शकतो म्हणून ऐकतो आणि काहीतरी चुकतंय हे जाणवत राहतं.

---

खर्ज | गुरुवार, रात्री 10:30

तीन दिवस विचार करतोय. आज क्लासहून येताना दादरच्या फुटपाथवर 450 रुपयांना एक लोकल बनावटीचा सेट घेतला आणि गच्चीवर जाऊन 558 आणि आकाशवाणी मुंबईचंच दुसरं मीडियम वेव्ह केंद्र 1044, दोन्ही लावून बसलो. सोल्डरगन काकांनी सांगितल्यासारखा फिरवला. गच्चीवर खरंच घर्रर्र जवळजवळ नव्हती.

गायन लागलं होतं, बागेश्री. तानपुरा, मी म्हटलं तसाच, गुणगुण. मत बदललेलं नाही. पण एक गोष्ट नोंदवतो. फोनवर ऐकताना मी सतत आवाजाकडे ऐकत असतो, मिक्सिंग कसं आहे, तानपुरा कुठे ठेवलाय, माइक कुठला असेल. आज ते काहीच नव्हतं म्हणून मी मध्यमाकडे ऐकत बसलो. बाईंनी मध्यमावर न्यास केला, म्हणजे त्यावर येऊन थांबल्या, आणि गंधाराला नुसता स्पर्श करून परत मध्यमावर आल्या, तो गंधार किती खाली होता ते मला स्वच्छ ऐकू आलं. साडेचार हजारात तो गंधार पूर्ण होता.

तरीही शास्त्रीयला एफएम हवंच, ते मी सोडणार नाही. फक्त एएम काढून एफएम द्या असं आता म्हणणार नाही. दोन्ही द्या.

---

आकडेमोड | गुरुवार, रात्री 11:05

दोन्हीचा खर्च मांडताना एक मुद्दा माझ्याकडूनही. 26 जुलै 2005 ला मी कुर्ल्याला अडकलो होतो, मोबाईल मेले होते, वीज नव्हती, रात्रभर एका दुकानाच्या माळ्यावर नऊ जण आणि सेलवरचा रेडिओ. मोठा प्रक्षेपक चालू ठेवण्याचं ते कारण मी नेहमी मानत आलोय, फक्त त्याला शास्त्रीय संगीताशी जोडून कधी पाहिलं नव्हतं. पण प्रक्षेपक संकटासाठी ठेवायचाच असेल तर उरलेले 364 दिवस त्यावर काहीतरी लागणारच, ते गाणं का नसावं. आणि त्या 364 दिवसांत लोकांनी रेडिओ घरात ठेवला तरच 365 व्या दिवशी तो हाताशी असेल.

---

गिरगावकर_काका | शुक्रवार, सकाळी 7:10

शंभर वर्षांचं निमित्त येतंच आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राला पत्रं लिहूया, मेल नको, हाताने लिहिलेली पत्रं. संग्रहातलं गाणं एएमवर रोज ठरलेल्या वेळी लावा, आणि तीच वेळ एफएमवरही द्या, खर्ज म्हणतात तसं. मी मसुदा करतो. बहीण म्हणाली तिचं नाव आधी घाल.

---

मुलुंडची_ओवी | शनिवार, रात्री 9:15

काका, केलं सगळं. सविस्तर लिहिते.

दुपारी मोठे सेल आणले, मेन स्विच पाडला. घर्रर्र गेली! पूर्ण नाही, पण बारीक सळसळ उरली तेवढीच. बाबा एकदम सरळ बसले. मग लेकाने एकेक एमसीबी वर केला. बेडरूम, काही नाही. किचन, फ्रिज चालू झाला तेव्हा एक टक् आणि मग काही नाही. हॉल वर केला आणि आली परत, जशीच्या तशी. फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर सगळ्यात वाईट, त्याच्या खालोखाल सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. गेल्या दिवाळीत हौसेने लावलेली पट्टी. दोन्ही बंद केल्यावर बाकी दिवे चालू असतानाही ऐकण्यासारखं आहे.

आमची पश्चिमेची खिडकी एकच, किचनची. ओट्याच्या टोकाला रेडिओ ठेवला, तोंड खिडकीकडे. फिरवताना खरंच एका जागी आवाज जवळजवळ बुडतो आणि पाव वळसा दिला की उसळून वर येतो, लेक पंधरा मिनिटं नुसता तेच करत होता, शेवटी बाबांनी हात धरून थांबवला.

रात्री बाबा किचनमध्ये स्टुलावर बसले, मी पोळ्या करत होते. गाणं सुरू झालं, निवेदन अर्धं गेलं कारण मी तव्यावरची पोळी उलटत होते. बाबांनी डोळे मिटले, पहिली आलापी झाली आणि म्हणाले, "मालकंस." मग जरा वेळाने, "पंचम नाही याला," मला नाही, लेकाला सांगितलं. तो म्हणाला पंचम म्हणजे काय आणि बाबांनी त्याला आधी सारेगम म्हणून दाखवलं, मग मालकंसचं, पंचम गाळून. मी बाबांना गाताना 40 वर्षांत ऐकलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं त्यांना येतं. मी गॅस बारीक केला, फुलक्याचा आवाज नको म्हणून.

मार्चपासून ते हॉलमध्ये टीव्हीसमोर बसायचे. आजपासून सकाळी आणि रात्री त्या वेळेला पट्टी आणि बॉक्स बंद, असं लेकानेच ठरवलंय, स्विचवर कागद चिकटवलाय.

सोल्डरगन काका, एकच विचारायचंय, उरलेली सळसळ आमच्या मजल्यावरच्या पॅसेजच्या दिव्यांची असू शकते का? सेक्रेटरींशी बोलायच्या आधी खात्री करून घेते. आणि डायलचा दोरा सैल झालाय, काटा एकाच जागी राहत नाही, असा दोरा मुलुंड ठाण्यात कुठे मिळेल का?

गिरगावकर काका, पत्रावर बाबांचं नाव घाला, सही ते स्वतः करणार आहेत.

खर्ज, 1044 चं बाबांना सांगितलं. तिथेही ठिपका द्यायला सांगितलाय त्यांनी. आईच्या बाटलीतलं नेलपेंट कधीच वाळून गेलंय, माझं चालेल म्हणाले.